समुद्राचं ‘नाही’ किती खरं? सोनार, पिक्सेल आणि 3400 मीटरवरचं विमान

(भाग ऐकायला वेळ नसेल किंवा ट्रेनमध्ये नेटवर्क जात असेल, तर हे शब्दांकन वाचा. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय सोनार. दागिने घडवणारा नाही, समुद्रात आवाज सोडून वस्तू शोधणारा. आधी दोन घटना सांगतो, मग तंत्राकडे वळू.

पहिली घटना. 22 जुलै 2016, शुक्रवार. सकाळी चेन्नईजवळच्या तांबरम तळावरून हवाई दलाचं एएन-32 विमान पोर्ट ब्लेअरला जायला निघालं. आत 29 जण होते. बंगालच्या उपसागरावर असताना ते रडारवरून नाहीसं झालं. जहाजं गेली, विमानं गेली, आठवडेच्या आठवडे शोध चालला. काहीच मिळालं नाही. शेवटी विमानातल्या सगळ्यांना मृत समजण्यात आलं. आणि मग थेट जानेवारी 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने सांगितलं की चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओटीच्या, रोबो पाणबुडीला 3400 मीटर खोल तळावर विमानाचे अवशेष दिसलेत. मधे साडेसात वर्षं गेली होती.

दुसरी घटना आपल्या दारातली. मे 2021, तौक्ते वादळ. मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात काम करणाऱ्या लोकांची पी-305 ही बार्ज नांगर तुटून भरकटली आणि 17 मे रोजी बुडाली. बार्जवर 261 माणसं होती. बरीच वाचली, बरीच गेली. नौदलाने पुढच्या काही दिवसांत साइड स्कॅन सोनार असलेलं आयएनएस मकर तिकडे पाठवलं आणि तळाला पडलेली बार्ज सापडली.

एकीकडे काही दिवस, दुसरीकडे साडेसात वर्षं. तुम्ही म्हणाल, सोपं आहे, एका ठिकाणी पाणी उथळ, दुसऱ्या ठिकाणी खोल. बरोबर आहे, पण हे उत्तर अर्धवट आहे. खोली वाढली की नेमकं काय बिघडतं? आणि ते दुरुस्त कसं झालं? आज हेच समजून घेऊ. आणि त्यातून एक मुद्दा मांडायचाय. तो असा, की चांगल्या सोनारची खरी किंमत त्याने काढलेल्या सुंदर चित्रात नसते. तो जेव्हा ‘इथे काही नाही’ म्हणतो, तेव्हा त्या ‘नाही’वर किती विश्वास ठेवायचा, यात ती किंमत असते.

आवाजच का?

पहिला प्रश्न साधा आहे. कॅमेरा का नाही? सॅटेलाइट का नाही? आपल्याकडे चंद्राचे स्वच्छ नकाशे आहेत, मग समुद्राचे का नाहीत?

कारण पाणी प्रकाश खातं. 200 मीटरच्या खाली उजेड जवळपास संपतो आणि 1000 मीटरच्या खाली ठार अंधार. दिवा घेऊन गेलात तरी फार तर काही मीटर दिसतं. रेडिओ लहरी तर समुद्राच्या खारट पाण्यात लगेचच विरतात. म्हणजे खाली जीपीएस नाही, वायफाय नाही, रडार नाही. उरतो फक्त आवाज.

आवाजाला मात्र पाणी आवडतं. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, समुद्रात सुमारे 1500 मीटर. आपल्या कोळी बांधवांच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर असतो ना, त्याचं तत्त्व हेच आहे. खाली ‘टक्’ असा आवाज सोडायचा, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं, वेळेवरून अंतर काढायचं. पूर्वी दोरीला शिसं बांधून किती वाव पाणी आहे ते मोजत, आता आवाजाने मोजतात. 3400 मीटरवर आवाज जाऊन परत यायला साडेचार सेकंद लागतात. विहिरीत ‘ओ’ म्हणून हाक मारली आणि उत्तर यायला साडेचार सेकंद लागले, असं समजा.

ढोल आणि ताशा

आता खरी अडचण. गणपतीच्या मिरवणुकीत तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे असाल तर काय ऐकू येतं? ढोल. ताशा जवळ गेल्यावरच नीट कळतो. जाड, खालचा आवाज लांब जातो. बारीक, चढा आवाज वाटेतच मरतो. समुद्रात हे आणखी तीव्रतेने होतं.

सोनारला जाड आवाज वापरला, समजा 12 किलोहर्ट्झ, तर तो समुद्राच्या तळापर्यंत जाऊन परत येतो. 100 किलोहर्ट्झला काही शे मीटर. एक मेगाहर्ट्झच्या आसपास गेलात तर काही दशक मीटरमध्ये खेळ संपला. पण बारीक तपशील दिसायला बारीक आवाजच लागतो, कारण त्याची तरंगलांबी लहान असते. 12 किलोहर्ट्झला ती साडेबारा सेंटिमीटर आहे, 100 किलोहर्ट्झला दीड सेंटिमीटर आणि एक मेगाहर्ट्झला दीड मिलिमीटर. म्हणजे लांबचं बघायचं तर धूसर, आणि स्पष्ट बघायचं तर जवळ जा. हा व्यवहार निसर्गानेच ठरवलाय.

आता आकडे घालून बघू, कारण इथेच 2016 ची गोष्ट कळते. खोल समुद्रासाठी जहाजाच्या तळाला मल्टिबीम सोनार बसवलेला असतो. त्याच्या एका बीमची, म्हणजे झोताची, रुंदी साधारण एक अंश असते. ऐकायला बारीक वाटतं. पण टॉर्चचा झोत जसा भिंतीपासून लांब गेलं की पसरतो, तसाच हाही पसरतो. 3400 मीटर खाली पोहोचेपर्यंत एका अंशाचे सुमारे 60 मीटर होतात. म्हणजे तळाच्या नकाशाचा एक ठिपका, एक पिक्सेल, 60 मीटरचा.

एएन-32 विमान केवढं असतं? लांबी सुमारे 24 मीटर, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 29 मीटर. म्हणजे अख्खं विमान, तेही न मोडलेलं, एकाच पिक्सेलमध्ये मावतं आणि वर जागा उरते. आणि समुद्रावर आदळलेलं विमान अखंड राहत नाही. तुकडे होतात. अशा नकाशात विमान ‘दिसलं नाही’ तर ते तिथे नाही असं म्हणता येईल का? नाही म्हणता येणार. तो सोनार खोटं बोलत नाहीये, त्याला तो प्रश्नच कळत नाहीये. डोंगर-दऱ्या विचारा, तो उत्तम सांगेल. विमान विचारू नका.

लक्षात ठेवा, ‘शोधलं’ आणि ‘दिसलं असतं इतक्या बारकाईने शोधलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगाच्या समुद्रतळाचा एक चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग आज आधुनिक सोनारने मोजलाय असं सांगतात. पण त्या मोजणीतही खोल पाण्यात एक चौकोन शेकडो मीटरचा धरलेला असतो. तिथे मंत्रालयाची अख्खी इमारत चौकोनात हरवेल, विमानाचं काय घेऊन बसलात!

सोनारला खाली नेणं

मग उपाय काय? वरून ओरडण्यापेक्षा खाली जा. सोनार तळाजवळ नेला की बारीक आवाज वापरता येतो. एक तर लांबलचक केबलने तो जहाजामागे ओढत न्यायचा, नाहीतर रोबो पाणबुडीत बसवून मोकळा सोडायचा. या रोबोला एयूव्ही म्हणतात. आत माणूस नाही, मागे दोरी नाही.

इथे साइड स्कॅन नावाचं तंत्र कामी येतं. हा सोनार खाली न बघता डावी-उजवीकडे तिरका बघतो. तिरकं का? संध्याकाळी उन्हं कलली की मैदानावरच्या बारक्या खड्याचीही लांब सावली पडते, दुपारी बारा वाजता तोच खडा दिसत नाही. तसंच आहे हे. तळावर पडलेली वस्तू तिरका आवाज अडवते, तिच्यामागे ‘आवाजाची सावली’ पडते, आणि चित्रात तो भाग काळा दिसतो. बऱ्याचदा वस्तूपेक्षा तिची सावलीच जास्त बोलते.

सावलीवरून उंचीही निघते, शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी. सोनार तळापासून 20 मीटर वर आहे, सावलीचं टोक 100 मीटरवर आहे आणि सावली 5 मीटर लांब आहे. तर वस्तूची उंची 5 गुणिले 20 भागिले 100, म्हणजे 1 मीटर. झालं. एक मीटर उंच, कडा सरळ, सावली चौकोनी? खडक नसावा, जवळ जाऊन बघा.

पी-305 च्या बाबतीत पाणी शंभर मीटरच्या आत होतं आणि वस्तू अख्खी बार्ज होती. तिथे साइड स्कॅन पुरेसा होता. पण त्यालाही मर्यादा आहे. 100 किलोहर्ट्झचा आवाज आणि एक मीटर लांबीचा सोनार घ्या. 50 मीटर अंतरावर त्याचा ठिपका पाऊण मीटरचा असतो. 300 मीटरवर तोच साडेचार मीटरचा होतो. चित्राची कड जवळ स्पष्ट, लांब गेली की पसरट. अंतर वाढवून स्पष्टता टिकवायची तर सोनारची लांबी वाढवायला हवी. पण पाच-सहा मीटरच्या रोबोला वीस-बावीस मीटरचा कान कसा लावणार?

नाइट मोडचा मोठा भाऊ

आता माझ्या आवडीचा भाग, कारण इथून पुढे हार्डवेअर मागे पडतं आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं काम सुरू होतं.

तुमच्या फोनमध्ये नाइट मोड आहे. अंधारात फोटो काढताना तो एक फोटो काढत नाही, लागोपाठ बरेच काढतो आणि ते एकमेकांवर नीट बसवून एक चांगला फोटो बनवतो. लेन्स तेवढीच छोटी, पण निकाल मोठ्या कॅमेऱ्यासारखा. सिंथेटिक अपर्चर सोनार साधारण याच जातीचं आहे. मूळ कल्पना रडारची. 1951 मध्ये अमेरिकेत कार्ल वायली या इंजिनिअरने ती मांडली. पाण्यात उतरायला तिला कित्येक दशकं लागली. का लागली, ते आता कळेल.

कल्पना अशी. सोनारचा एक घटक घ्या, फक्त 10 सेंटिमीटरचा. छोटा असल्यामुळे त्याचा झोत चांगला रुंद असतो. ही एरवी वाईट गोष्ट. पण रोबो पुढे सरकत असताना 150 मीटरवरची एक वस्तू या रुंद झोतात बराच वेळ राहते. जवळपास 22 मीटर प्रवास होईपर्यंत तिचे प्रतिध्वनी येतच राहतात. ते सगळे साठवा आणि नंतर अशा रीतीने जोडा, जणू ते एकाच वेळी 22 मीटर लांबीच्या सोनारवर आले होते. झाला तुमचा बावीस मीटरचा कान तयार, सॉफ्टवेअरमध्ये.

आणि यातली गंमत बघा. वस्तू दुप्पट लांब असेल तर ती झोतात दुप्पट वेळ राहते, म्हणजे कृत्रिम कानही दुप्पट लांब होतो. त्यामुळे अंतर वाढलं तरी स्पष्टता घसरत नाही. ती ठरते फक्त त्या छोट्या घटकाच्या लांबीवर, नेमकी तिच्या निम्मी. 10 सेंटिमीटरचा घटक, 5 सेंटिमीटरचा ठिपका. 50 मीटरवर तोच आणि 150 मीटरवरही तोच. ढोल-ताशाचा व्यवहार पूर्ण मोडत नाही, पण त्यातली एक अट गळून पडते.

मग अडचण कुठे आहे? नाइट मोडमध्ये हात हलला की फोटोचं काय होतं, आठवा. इथे ‘हात’ म्हणजे प्रवाहात डोलणारा रोबो. हे 22 मीटर कापायला त्याला दहा-अकरा सेकंद लागतात. या सगळ्या वेळात तो नेमका कुठे होता हे माहीत हवं. किती नेमकं? तरंगलांबी दीड सेंटिमीटर, तिचा छोटासा अंश, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. तीन हजार मीटर खोल, काळोखात, जीपीएसशिवाय, दहा सेकंद स्वतःची जागा एका मिलिमीटरपर्यंत सांगा. नाही सांगता आली तर चित्राचा चिखल होतो.

विमान-रडारला हवेत जे जमलं ते पाण्यात इतकी वर्षं का अडलं, त्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण, आवाज हळू आहे. 150 मीटर जाऊन यायला 0.2 सेकंद लागतात. एकाच छोट्या घटकाने काम करायचं तर दोन आवाजांच्या मधे फक्त 5 सेंटिमीटर सरकता येतं, म्हणजे सेकंदाला 25 सेंटिमीटर. कासवही हसेल. म्हणून असे बरेच घटक ओळीने लावतात. सव्वा मीटरच्या आसपासची ओळ असेल तर सेकंदाला तीन मीटरपर्यंत जाता येतं.

आणि याच ओळीचा दुसरा उपयोग फार हुशारीचा आहे. रोबोला मुद्दाम जरा हळू चालवतात. त्यामुळे ओळीतले पुढचे काही घटक आता जिथून ऐकतायत, तिथूनच मागचे घटक पुढच्या आवाजाच्या वेळी ऐकतात. जागा तीच, तळ तोच, मग प्रतिध्वनीही तोच यायला हवा. जो काही फरक येतो तो रोबोच्या हालचालीमुळे. त्या फरकावरून सॉफ्टवेअर उलटा हिशोब करतं की रोबो किती हलला. म्हणजे ज्या डेटातून चित्र काढायचं, त्याच डेटातून स्वतःची जागाही शोधायची. याच्या जोडीला जायरोस्कोपवर चालणारी दिशादर्शक यंत्रणा असते आणि तळावर आवाज सोडून वेग मोजणारं डॉपलर यंत्र असतं. तिघांची साक्ष जुळवून घ्यायची.

मला यातून एक गोष्ट फार पटते. समोरचं स्पष्ट दिसायला आधी स्वतः कुठे उभे आहोत ते नीट माहीत असावं लागतं. हे वाक्य व्हॉट्सॲप स्टेटससारखं वाटेल, पण इथे तो अक्षरशः भौतिकशास्त्राचा नियम आहे.

एनआयओटीच्या रोबोवर तीन साधनं वापरली होती. मल्टिबीम सोनार, सिंथेटिक अपर्चर सोनार आणि जवळून फोटो काढणारा कॅमेरा. मोठं क्षेत्र सोनारने चाळायचं, संशयाची जागा कॅमेऱ्याने बघायची.

‘नाही’ची किंमत कोण मोजतं?

आता मुद्द्यावर येऊ. हे तंत्र विकत कोण घेतं? तेल आणि गॅसवाले घेतात, समुद्रातल्या पाइपलाइनखालची वाळू वाहून गेली का बघायला. इंटरनेट केबलवाले घेतात. तुम्ही हा भाग ज्या डेटावर ऐकताय, त्यातला बराचसा परदेशातून मुंबईच्या किनाऱ्याला येणाऱ्या केबलमधूनच येतो, आणि ती टाकण्याआधी तळ तपासावा लागतो. खनिजवाले घेतात. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या ओएमई 6000 या रोबोने मध्य हिंदी महासागरात 5271 मीटर खोलीवर मँगनीजच्या गोळ्यांचं क्षेत्र तपासलं. हे गोळे साधारण बटाट्याएवढे. 60 मीटरच्या पिक्सेलला बटाटे दिसत नसतात.

आणि नौदलं घेतात, मुख्यतः सुरुंगांसाठी. इथे ‘नाही’चा अर्थ सगळ्यात कडक होतो. बंदर बंद पाडायला शत्रूला शंभर सुरुंग लागत नाहीत. एक असला, किंवा असल्याची नुसती शंका असली, तरी विमा कंपन्या आणि कॅप्टन जहाज आत आणत नाहीत. आपल्या जेएनपीएच्या कंटेनर बंदराचा विचार करा. अशा वेळी शोधपथकाचं काम सुरुंग शोधणं एवढंच नसतं. ‘या वाटेत सुरुंग नाही’ हे सिद्ध करणं असतं. आणि आपल्याकडे जुनी सुरुंगशोधक जहाजं एकेक करून निवृत्त झाली, त्यातलं शेवटचं आयएनएस कोळिकोड 2019 मध्ये गेलं. म्हणून आता रोबो आणि त्यावरच्या सोनारकडे नौदलाचं इतकं लक्ष आहे. विशाखापट्टणमच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने याच कामासाठी दोन-चार माणसांना उचलता येतील असे छोटे रोबो बनवलेत.

गंमत म्हणजे बटाटा शोधणारं, केबल तपासणारं, सुरुंग शोधणारं आणि हरवलेलं विमान शोधणारं तंत्र एकच आहे. फरक एवढाच की पहिल्या तिघांना पैसे देणारं कायम कुणीतरी उभं असतं. चौथ्याला नसतं.

कारण स्पष्टता महाग आहे. हिशोब करून बघा. रोबो सेकंदाला 2 मीटर जातो, दोन्ही बाजू मिळून 300 मीटरचा पट्टा बघतो. तासाला सुमारे 2 चौरस किलोमीटर, दिवसरात्र चालला तर 50. मलेशियाच्या एमएच 370 विमानासाठी हिंदी महासागरात जानेवारी 2017 पर्यंत 1,20,000 चौरस किलोमीटर तळ तपासला गेला. आपल्या एका रोबोला एवढ्याला 2400 दिवस, साडेसहा वर्षं लागतील, तेही एकदाही बॅटरी न बदलता. त्या शोधात एकोणिसाव्या शतकातली दोन बुडालेली जहाजं सापडली. विमान मात्र नाही. पण हे ‘नाही’ कामाचं आहे. लाकडी जहाजाचे अवशेष दिसतात म्हणजे विमानही दिसलं असतं, तेव्हा पुढचा शोध दुसरीकडे करा, असं ते सांगतं.

याउलट कच्चं ‘नाही’ किती महागात पडतं, ते एअर फ्रान्स 447 मध्ये दिसलं. 1 जून 2009 ला रिओहून पॅरिसला जाणारं हे विमान अटलांटिकमध्ये पडलं, 228 जण गेले. ब्लॅक बॉक्सला बांधलेला पिंगर साधारण 30 दिवस आवाज देतो. जहाजांनी तो ऐकायचा प्रयत्न केला, ऐकू आला नाही. म्हणून तो भाग ‘तपासून झाला’ या यादीत गेला आणि पुढचे शोध इतरत्र झाले. नंतर गणितज्ञांनी सगळा हिशोब पुन्हा मांडला आणि विचारलं, पिंगरच बंद पडला असेल तर? तसं धरल्यावर आधी बाद केलेला भागच पुन्हा वर आला. तीन रेमस रोबो तिथे उतरले आणि काही दिवसांतच, एप्रिल 2011 मध्ये, साइड स्कॅनच्या चित्रात अवशेष दिसले. खोली सुमारे 3900 मीटर. शेवटच्या ज्ञात जागेपासून अंतर फक्त 12 किलोमीटरच्या आसपास.

पुढच्या महिन्यात ब्लॅक बॉक्स वर आले आणि कारण कळलं. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकांकडून विमान सावरलं गेलं नाही. त्यातून वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं. पिंगर 30 ऐवजी 90 दिवस चालले पाहिजेत असा नियम आला. तळावरच्या एका धूसर चित्रामुळे आज तुम्ही-आम्ही बसतो ती विमानं थोडी जास्त सुरक्षित झाली.

आणि ‘हो’ म्हणताना?

मग कुणी विचारेल, आता एआय आहे, चित्रं त्यालाच वाचू द्या. देतातच. पण तळावर खडक असतात, जुने नांगर, ड्रम, फाटकी जाळी असतात. खडक कधीकधी हुबेहूब सुरुंगासारखा दिसतो. मॉडेलला शिकवायला खऱ्या सुरुंगांची आणि खऱ्या अपघातांची चित्रं फार थोडी असतात, सुदैवाने. म्हणून मॉडेल संशयितांची यादी छोटी करतं, शिक्का माणूसच मारतो.

एएन-32 च्या वेळीही तेच झालं. मंत्रालयाच्या निवेदनाची भाषा बघण्यासारखी आहे. अवशेष एएन-32 शी जुळतात, त्या भागात दुसरं कुठलं विमान हरवल्याची नोंद नाही, म्हणून ते ‘बहुधा’ याच विमानाचे असावेत, असं त्यांनी म्हटलं. कुणाला हे ‘बहुधा’ पळवाट वाटेल. मला ते प्रामाणिक वाटतं. ज्यांनी साडेसात वर्षं वाट पाहिली, त्यांना अर्धवट पुराव्यावर छातीठोक ‘हो’ सांगणं हा वेगळाच अन्याय झाला असता.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हे अवशेष विमानाच्या शेवटच्या ज्ञात जागेवर शोध घेतल्यावर मिळाले. कुठे बघायचं हे नवीन नव्हतं. किती बारकाईने बघायचं, ते नवीन होतं.

म्हणून तुमच्याकडून, श्रोत्यांकडून, एकच अपेक्षा. पुढच्या वेळी बातमीत ‘कसून शोध घेतला, काही सापडलं नाही’ असं ऐकलंत, तर तीन प्रश्न विचारा. किती क्षेत्र तपासलं? पिक्सेल केवढा होता? आणि हरवलेली वस्तू त्या पिक्सेलमध्ये दिसली असती का? ही माहिती सरकारांनी शोध थांबवतानाच जाहीर करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्यांना ‘आम्ही शोधलं’ एवढं सांगून भागत नाही. ‘इतकं बघू शकलो, इतकं नाही’ हेही सांगायला हवं. निदान मग पुढे कधीतरी, चांगलं यंत्र हाती आलं की, पुन्हा कुठून सुरुवात करायची ते ठरलेलं असेल.

इंजिनिअरिंगला असाल आणि सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर रटाळ वाटत असेल, तर हा विषय एकदा उघडून बघा. फूरिए ट्रान्सफॉर्म कशाला शिकायचा, याचं उत्तर 3400 मीटर खाली आहे. या क्षेत्रात गणित येणारी, कोड लिहिणारी आणि समुद्र लागला तरी जहाजावर टिकणारी माणसं हवी आहेत. कोकणातल्या मंडळींना तिसऱ्या अटीत आधीच सूट आहे!

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, निवडक प्रश्न पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, आणि रस्ता ओलांडताना इअरफोन काढा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!